कळण्यापासून करण्यापर्यंत

माझ्या मुलाने विशी ओलांडली आहे. त्याला स्वमग्नता आहे, म्हणजे ऑटिझम. बोलणं उशिरा आलं, पण आलं. लिहिणं-वाचणं आलं, दहावी-बारावी झाली, आता कॉलेज चालू आहे. पालकांच्या बैठकीत लहान मुलांचे आईवडील विचारतात, "काका, मोठेपणी सगळ्यात अवघड काय जातं?" त्यांना वाटतं, मी बोलण्याविषयी किंवा आरडाओरड्याविषयी सांगेन. अवघड जातं ते रोजचं साधं काम. वेळेवर उठणं, आंघोळ आटोपून बाहेर येणं, डबा-छत्री-पास आठवणीने घेणं, हातातलं सोडून दुसऱ्या कामाला लागणं, ठरलेला बेत बदलला की सावरणं.

या सगळ्यामागे मेंदूची काही कौशल्यं असतात. तज्ज्ञ त्यांना एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हणतात, मराठीत कार्यकारी कौशल्यं. गाभ्याची तीन मानली जातात: कामापुरती माहिती डोक्यात धरून ठेवणं, आलेली ऊर्मी आवरणं आणि गरजेप्रमाणे विचार वळवता येणं. नियोजन, कामाचा क्रम, वेळेचा अंदाज हे पुढचं सगळं या तिन्हींच्या आधाराने उभं राहतं. कपाळामागचा मेंदूचा भाग यात मोठा वाटा उचलतो आणि तो सर्वांचाच पंचविशीपर्यंत घडत असतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात जगभरातले २३५ अभ्यास एकत्र तपासले गेले. स्वमग्न व्यक्तींना सरासरीने या सगळ्याच कौशल्यांत मध्यम प्रमाणात अडचण येते, असं त्यात दिसलं. प्रत्येकाचं चित्र अर्थातच वेगळं.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात मशीन शॉपचा सुपरवायझर होतो. तिथलं काही आणि घरातलं बरंच, असं जे हाती लागलं ते खाली मांडतो आहे. सांगणं एकच आहे: जे डोक्यात मावत नाही ते डोक्याबाहेर मांडा, आणि मांडलेलं हळूहळू त्याच्या ताब्यात द्या.

१. हुशारी वेगळी, हातून होणं वेगळं

पुणे मेट्रोच्या दोन्ही मार्गांवरची स्थानकं माझा मुलगा क्रमाने सांगतो. वनाझ ते गरवारे कॉलेज हा टप्पा ६ मार्च २०२२ला सुरू झाला आणि स्वारगेटपर्यंतच्या टप्प्याचं उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ला झालं, हेही त्याला तोंडपाठ आहे. त्याच मुलाच्या हातात सकाळी दात घासून झालेला ब्रश बराच वेळ तसाच असतो, कारण पुढचं काम कोणतं हे त्या क्षणी समोर येत नाही. पाहुणे हे बघतात आणि म्हणतात, "एवढं सगळं लक्षात राहतं, मग हे का नाही? लाडावलाय." त्यात वाईट हेतू नसतो. स्मरणशक्ती चांगली असली की बाकीचं आपोआप जमतं, अशी आपली सर्वांची समजूत असते.

बुद्ध्यांकाची चाचणी घेताना काय होतं ते बघा. खोली शांत असते. समोर एका वेळी एकच प्रश्न असतो. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, पुढचं पान कधी उलटायचं, हे समोरचे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे कार्यकारी कौशल्यांचं बरंचसं काम त्यांनीच उचललेलं असतं. घरी हे सगळं मुलावर येऊन पडतं. म्हणून अहवालातले आकडे चांगले आणि घरातली सकाळ मात्र कठीण, यात विसंगती काहीच नाही. मूल्यमापनाला जाल तेव्हा रोजच्या वागण्यावरची प्रश्नावलीही भरून घ्या असा आग्रह धरा. पालक आणि शिक्षकांनी भरायची ‘ब्रीफ’ नावाची प्रश्नावली २००० सालापासून वापरात आहे. शांत खोलीत न दिसणारं पुष्कळ काही तिच्यातून पुढे येतं.

कळतं पण वळत नाही, असं आपण ज्याच्याविषयी म्हणतो त्याला समजावणं हा उपाय नाही. कळलेलं असतंच. मधल्या पायऱ्या बांधून द्याव्या लागतात.

२. भिंतीवरच्या कागदाला कुबडी म्हणू नका

"यादी लावून दिलीत तर तो कायम यादीवरच अवलंबून राहील," ही शंका मी शिक्षकांकडून, नातेवाइकांकडून, इतर पालकांकडूनही ऐकली आहे. तेव्हा मला मशीन शॉप आठवतं. वीस-वीस वर्षं तोच जॉब करणाऱ्या ऑपरेटरसमोरही जॉब कार्ड असतं. कोणतं टूल, कोणता क्रम, कोणतं माप, सगळं लिहिलेलं. अवजारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते, म्हणजे जागा रिकामी दिसली की पाना कुठेतरी राहिला हे लांबूनही कळतं. शिफ्टचा पहिला पीस तपासून पास झाल्याशिवाय पुढचं काम होत नाही. त्या कामगारांना कोणी कमी हुशार म्हणत नाही. माणसाच्या डोक्यावर नको तिथे भार टाकायचा नाही, हे कारखान्याने केव्हाच स्वीकारलं आहे. मग आपल्या मुलांना तीच सोय देताना हात आखडता का घ्यायचा?

आमच्या बाथरूमच्या दाराला आतून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, लॅमिनेट केलेलं कार्ड आहे. त्यावर असं लिहिलंय: कपडे आणि टॉवेल खुंटीवर. गीझर बंद. बादली खुणेपर्यंत भर. डोकं ओलं कर, शांपू फक्त बुधवारी आणि रविवारी. साबण: मान, काखा, पाठ, पाय. उरलेलं पाणी अंगावर घे. पुसून कपडे घाल. दिवा बंद, बाहेर ये. यातल्या दोन ओळींनी सगळ्यात जास्त काम केलं. एक बादलीवरच्या खुणेची, कारण ‘पुरे एवढं पाणी’ म्हणजे नेमकं किती हे तिने ठरवून टाकलं. दुसरी शेवटची, कारण काम संपलं हे कळायला त्याला ठळक खूण लागते. ती नसेल तर तो आतच राहतो.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२च्या सुमारास उभारलेल्या ‘टीच’ कार्यक्रमात प्रत्येक कामाच्या मांडणीला चार प्रश्न विचारतात: काय करायचं आहे, किती करायचं आहे, संपलं हे कसं कळेल आणि त्यानंतर काय? आपण ‘खोली आवर’ म्हणतो तेव्हा यातल्या एकाचंही उत्तर त्यात नसतं. ‘जमिनीवरचे कपडे टोपलीत, टेबलावरची पुस्तकं फळीवर, मग चहा’ यात चारही उत्तरं आहेत.

आणि कागद जिथे काम होतं तिथेच लावा. फ्रिजवर लावलेली आंघोळीची यादी बाथरूममध्ये कुणाच्याच उपयोगाची नाही.

३. वेळ डोळ्यांना दिसू द्या

‘आलोच’, ‘जरा वेळाने’, ‘पाच मिनिटांत निघू’ या शब्दांवर आपली घरं चालतात. ज्याला वेळ गेलेला जाणवतच नाही, त्याच्यासाठी ते शब्द पोकळ आहेत. आमच्याकडे प्रत्येक खोलीत काट्यांचं घड्याळ आहे. आकड्यांच्या घड्याळात फक्त ‘आत्ता’ दिसतं. काट्यांच्या घड्याळात उरलेला वेळ जागेसारखा दिसतो. लांबलचक कामांसाठी रंगीत चकतीचा टायमर वापरतो, त्यातली लाल चकती सरकत कमी होत जाते.

दुसरा उपाय म्हणजे अंदाजाची वही. काम सुरू करण्याआधी किती मिनिटं लागतील ते तो लिहितो, झाल्यावर प्रत्यक्ष लागलेली मिनिटं शेजारी. कुणी काही बोलायचं नाही, चूक-बरोबर ठरवायचं नाही. काही आठवड्यांनी आकडे आपोआप बोलायला लागतात. डबा भरायला तो दोन मिनिटं धरत असे, वहीने त्याला दहा मिनिटं दाखवली. आता निघण्याची वेळ तो स्वतः मागे मोजत ठरवतो.

दहावीच्या परीक्षेत याचा खरा कस लागतो. दिव्यांग विद्यार्थ्यांना ताशी २० मिनिटं जादा मिळतात आणि गरजेप्रमाणे लेखनिकही घेता येतो. पण पहिल्याच प्रश्नात अडकून पडणाऱ्या मुलाला नुसता वेळ वाढवून देण्याचा फारसा उपयोग नाही. प्रश्नपत्रिका हातात आली की प्रत्येक विभागासमोर तो सोडायची घड्याळी वेळ पेन्सिलने लिहायची आणि ती वेळ झाली की उत्तर अर्धं राहिलं तरी पुढे जायचं, याचा सराव घरी करून घ्यावा लागतो. अर्धं उत्तर सोडणं आमच्या मुलांना फार जड जातं. म्हणून तो सराव अभ्यासाइतकाच महत्त्वाचा.

४. सुरुवातीला सोबत लागते, सूचना नाही

करायचं मनात आहे, कसं करायचं तेही ठाऊक आहे, तरी शरीर उठत नाही. मँचेस्टरच्या संशोधकांनी २०२१ साली प्रौढ स्वमग्न व्यक्तींकडूनच हा अनुभव समजून घेतला. सुरू करता न येणं आणि सुरू झालेलं थांबवता न येणं, दोन्ही त्यांनी सांगितलं. बाहेरून कुणी हलकासा हात दिला तरच गाडं पुढे सरकतं, असंही अनेकांचं म्हणणं होतं. याला आळस म्हणणं हा त्या मुलांवर अन्याय आहे. आळशी माणूस बसून सुखात असतो. असा अडकलेला मुलगा आतून तळमळत असतो.

उपाय दोन. एक, पहिली पायरी इतकी लहान करायची की तिला विरोधच होणार नाही. ‘निबंध लिही’ऐवजी ‘वही उघड, तारीख लिही’. दोन, शेजारी आपलं काम घेऊन बसायचं. त्याची आई भाजी निवडते, मी बिलं लावतो, तो अभ्यासाला लागतो. कुणी कुणाला शिकवत नाही, पण खोलीत काम चाललेलं असतं.

तोंडी सूचना मात्र जपून वापराव्यात. ‘ऊठ, चल, आवर’ हे रोज म्हटलं की ते त्या कामाचीच पहिली पायरी होऊन बसतं आणि मूल त्याची वाट बघायला लागतं. विशेष शिक्षक सांगतात की सगळ्या प्रकारच्या मदतीत तोंडी मदत काढून घेणं सर्वांत कठीण, आणि माझा अनुभव तोच आहे. कार्डाकडे बोट करा आणि बाजूला व्हा. काही बोललातच, तर एकदाच बोला आणि थांबा. ऐकलेलं आत पोचायला या मुलांना आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्या वेळात वाक्य पुन्हा म्हटलं की त्याची सुरुवातही पुन्हा पहिल्यापासून होते.

५. बदलाचा सराव शांत दिवशी

पुण्यात दुरुस्तीच्या कामांसाठी महापालिका बहुतेक वेळा गुरुवारी पाणी बंद ठेवते. आदल्या दिवशी पेपरात बातमी येते. रोज सकाळी सातला आंघोळ करणाऱ्या आमच्या मुलासाठी ही बातमी म्हणजे दिवस मोडणारी गोष्ट असे. आम्ही तिचा सराव करून घेतला. दोन कार्डं केली: ‘पाणी आहे’ आणि ‘पाणी नाही’. दुसऱ्यावर बुधवारी रात्री पिंप आणि बादली भरायची, सकाळी अर्ध्या बादलीत आंघोळ, असं लिहिलं. बुधवारी संध्याकाळी पेपर वाचून कार्ड बदलायचं काम त्याचं. आता तोच शेजारच्या काकूंना दारात जाऊन सांगतो, "काकू, उद्या पाणी नाहीये, भरून ठेवा."

वॉशिंग्टनमध्ये लिन कॅनन, लॉरेन केनवर्दी आणि सहकाऱ्यांनी ‘अनस्टक अँड ऑन टार्गेट’ नावाचा शालेय अभ्यासक्रम तयार केला. त्याचं पुस्तक २०११ साली आलं. २०१४च्या त्यांच्या अभ्यासात हा कार्यक्रम घेतलेल्या मुलांची तुलना सामाजिक कौशल्यं शिकवलेल्या मुलांशी केली गेली. वर्गात एका कामातून दुसऱ्याकडे वळणं, अडकून न पडणं, नियम पाळणं यांत पहिल्या गटाची प्रगती जास्त दिसली. त्यातल्या दोन गोष्टी आमच्या घरात रुळल्या. प्लॅन ए आणि प्लॅन बी आधीच ठरवायचे. आणि अडचण आली की विचारायचं, "हे मोठं आहे की छोटं?" रिक्षा न मिळणं छोटं. पाकीट हरवणं मोठं, पण त्यालाही पायऱ्या आहेत.

बदल सांगताना तीन गोष्टी सांगाव्यात: काय बदललं, काय तसंच आहे आणि कुठपर्यंत. गणेश विसर्जनाला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता बंद होतात, पीएमपीएमएलच्या बसचे मार्ग वळवले जातात. आम्ही लिहून देतो: बस इथे थांबणार नाही, कॉलेज आणि वेळ तीच, मिरवणुका संपल्या की सगळं पूर्ववत. ‘कुठपर्यंत’ हे कळलं की त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना दिसतो.

आणि मोठ्यांनीही आपले बदल मोठ्याने बोलून दाखवावेत. "पोहे संपले, मग उपमा करते," हे आईने नुसतं म्हटलं तरी वळायचं कसं हे कानावर पडतं.

६. प्रवास शेवटच्या तुकड्यापासून शिकवा

एकट्याने कॉलेजला जाणं हे आमचं सगळ्यात मोठं शिक्षण. आम्ही कोथरूडचे. आनंदनगर स्थानकातून मेट्रो, डेक्कन जिमखान्याला उतरणं, तिथून पायी कॉलेज. विशेष शिक्षकांची एक पद्धत आहे, काम मागून पुढे शिकवायची, ती इथे उपयोगी पडली. सुरुवातीला सगळा प्रवास मी बरोबर केला, फक्त शेवटचा रस्ता त्याने एकट्याने चालून गेट गाठलं. ते सवयीचं झाल्यावर स्थानकातून बाहेर पडणंही त्याचं. मग गाडीतून उतरणं, मग चढणं, सगळ्यात शेवटी घरापासून स्थानकापर्यंत. या पद्धतीत प्रत्येक दिवशी शेवट त्याच्या हातून होतो. पोचल्याचं समाधान त्याचंच असतं, आणि पुढच्या दिवसाची हिंमत त्यातूनच येते.

अडलं ते अनपेक्षित जागी. स्थानकात शिरताना पिशवी तपासणीच्या पट्ट्यावर ठेवावी लागते. ती यंत्रात गेली की दिसेनाशी होते आणि त्याच क्षणी आपल्याला दुसऱ्या चौकटीतून जायचं असतं. तो पिशवीजवळून हलेना. मागे रांग. मग तीन ओळींचं कार्ड झालं: पिशवी पट्ट्यावर, मी चौकटीतून, पिशवी पलीकडे हातात. दुपारी गर्दी नसताना जाऊन आम्ही एवढंच करून परत यायचो. तपासणीला उभ्या असलेल्या ताईंनी फार समजून घेतलं.

उतरायचं राहून गेलं तर काय, याचाही सराव केला. डेक्कनला मुद्दाम बसून राहिलो, संभाजी उद्यानला उतरलो, पलीकडच्या फलाटावर गेलो आणि परत आलो. चुकलं तरी जग बुडत नाही, हे पायांनी शिकलेलं पक्कं राहतं. त्यानंतर सिव्हिल कोर्टला वरच्या मार्गावरून खाली भुयारी मार्गावर जाऊन स्वारगेटची गाडी पकडणंही जमलं.

मेट्रो आधी आणि बस नंतर, हा क्रम मी इतरांनाही सुचवतो. मेट्रोत थांबे ठरलेले असतात, घोषणा होतात, दारं ठरलेल्या जागी उघडतात. बसमध्ये नंबर वाचायचा, गर्दीत चढायचं, कंडक्टरशी बोलायचं आणि थांबा ओळखायचा, हे सगळं एकदमच येऊन पडतं.

७. आधी शरीर, मग यादी

झोप नीट झालेली नसेल, पोट रिकामं असेल, ढोल-ताशांचा सराव खिडकीखाली चालू असेल, तर कालपर्यंत सहज जमणारं काम आज जमत नाही. हे आपलंही होतं, या मुलांचं जास्त होतं. असा दिवस ओळखून यादी छोटी करावी. आमच्याकडे कठीण दिवसाची वेगळी यादी आहे. तिच्यात जेवण, औषध, आंघोळ एवढंच असतं.

डॉक्टरांना एक गोष्ट अवश्य विचारा. स्वमग्नता असताना एडीएचडीचं, म्हणजे लक्ष टिकवण्यातल्या अडचणीचं आणि अतिचंचलतेचं, निदान स्वतंत्रपणे करायला अमेरिकेतल्या निदानाच्या जुन्या निकषांत वाव नव्हता. २०१३च्या डीएसएम-५ने तो दिला. दोन्ही असणारी मुलं पुष्कळ आहेत आणि एडीएचडीवर उपचार होऊ शकतात. चिंता, झोपेच्या तक्रारी, फिट्स यांचंही तसंच. सगळं ‘ऑटिझममुळेच’ असं गृहीत धरलं, तर बरं होण्यासारखं दुखणंही अंगावर काढलं जातं.

८. अठराव्या वर्षाची तयारी पंधराव्या वर्षी

शाळेत घंटा होते, वर्ग ठरलेला असतो, बाई वहीवर सही करतात. ही सगळी बाहेरची चौकट असते. कॉलेजात तास रद्द झाल्याचं ग्रुपवर येतं, खोली बदलते, जर्नलची तारीख फलकावर लावून मोकळे होतात. मूल तेच, पण चौकट एका दिवसात नाहीशी होते. म्हणून नववी-दहावीपासून आठवड्याचं वेळापत्रक स्वतः लिहिणं, संदेश वाचून त्यात बदल करणं आणि मदत मागायचं एक ठरलेलं वाक्य वापरणं शिकवायला घ्यावं. माझ्या मुलाचं वाक्य आहे, "मला ऑटिझम आहे, कृपया हे लिहून द्याल का?" त्याने किती दारं उघडली!

कागदपत्रांची तयारीही तेव्हाच. दिव्यांगांसाठीच्या १९९५च्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेख नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तो स्पष्टपणे आहे. सरकारी रुग्णालयातून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर ४० टक्के किंवा अधिक नोंद असेल, तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के राखीव जागांचा लाभ घेता येतो. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के राखीव जागांपैकी १ टक्का ज्या गटासाठी आहे, त्यातही ऑटिझम येतो. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवावं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाखापर्यंतचं आरोग्य विमा संरक्षण मिळतं.

अठरा पूर्ण झाली की कायद्याने तो सज्ञान होतो. राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखाली जिल्ह्यातल्या स्थानिक समितीकडून पालकत्व घेता येतं. २०१६च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, दोघांनी मिळून घेतलेल्या निर्णयाचं. मला ही कल्पना जवळची वाटते. सगळी सत्ता काढून घेण्याआधी, कोणत्या निर्णयाला किती आधार लागतो हे प्रत्येक घराने शांतपणे बघावं. प्रमाणपत्राची फाइल आमच्याकडे त्यानेच लावली आहे, कप्प्यांवर नावं त्याच्याच अक्षरात आहेत.

९. आवडीला हाताशी धरा

डिना मरे आणि सहकाऱ्यांनी २००५ साली एक विचार मांडला: स्वमग्न मन एका वेळी थोड्याच गोष्टींत, पण फार खोलवर गुंतत असतं. हे मान्य केलं की त्या गुंतण्यातूनच नियोजन शिकवता येतं. आमच्या गटातल्या एका मुलीला साड्यांच्या काठांची जबरदस्त ओढ. तुळशीबाग, लक्ष्मी रस्ता इथे नेलं की तिचे डोळे चमकतात. तिच्या मावशीचा ब्लाउज शिवायचा व्यवसाय आहे. आता ऑर्डरची वही ती सांभाळते: कापड कधी आलं, माप कधी घ्यायचं, ट्रायल कधी, कधी द्यायचं. प्रत्येक नोंदीशेजारी काठाचा छोटा तुकडा चिकटवलेला. क्रम, तारखा, आठवण, सगळं तिथे होतं, कारण विषय तिचा आहे.

ही आवड शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. थकलेलं मन तिथेच विसावतं.

१०. आराखडा त्याच्या मालकीचा

आपल्या आवाजावर, आपल्या हाकेवर चालणारं मूल आपण आहोत तोवरच चालेल. आमच्यानंतर काय, हा प्रश्न प्रत्येक पालकाच्या मनात रात्री जागा असतो. मला त्याचं पूर्ण उत्तर देता येणार नाही. पण आमच्यानंतर त्याचे आराखडे त्याच्याबरोबर राहायला हवेत, हे मी ठामपणे सांगेन.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं टेबलाशी बसतो. सुरुवात तो करतो. या आठवड्यात काय जमलं, कुठे अडलं, कोणतं कार्ड नको झालंय, कोणतं नवीन हवंय. दात घासण्याचं कार्ड त्याने स्वतः काढून टाकलं. आंघोळीचं ठेवलं आहे आणि कदाचित कायमचं राहील. त्यात मला कमीपणा वाटत नाही. फोनवरच्या आठवणीही आता त्याच्या शब्दांत आहेत. मी लिहिल्या असत्या तर ‘पास घे’ असं लिहिलं असतं. त्याने लिहिलंय: ‘पास, निळा कप्पा, चेन लाव’. कुठे अडतं हे त्यालाच ठाऊक, म्हणून त्याचीच ओळ उपयोगाची.

तो कधी ‘नाही’ही म्हणतो. मावशीकडच्या लग्नाला जायचं नाही, हे त्याने स्वतः ठरवलं आणि स्वतः फोन करून तिला सांगितलं. आईला वाईट वाटलं, पण त्याचा निर्णय आम्ही मानला. ज्याच्या ‘नाही’ला घरात जागा आहे, त्याच्याच ‘हो’ला वजन येतं. उद्या वसतिगृहात, कामाच्या ठिकाणी, अनोळखी माणसांत हेच त्याचं संरक्षण आहे.

मुलगा किती स्वावलंबी झाला हे मदतीशिवाय तो किती कामं करतो यावरून मोजू नका. अडल्यावर काय अडलं हे त्याला सांगता येतं का, हवी ती मदत मागता येते का, नव्या कामाचं कार्ड त्याला स्वतः करता येतं का, यावरून मोजा. पहिल्या मोजमापात आमची मुलं नेहमी मागे दिसतील. दुसऱ्यात ती रोज थोडी पुढे जाताना मी बघतो आहे.

ज्यांची मुलं आत्ता दहा-बारा वर्षांची आहेत, त्यांनी घरातली एकच जागा निवडावी, जिथे रोज अडतं ती. तिथे एक कागद लावावा. आणि पहिली ओळ लिहिण्याआधी मुलाला विचारावं, "यात काय लिहू?"